एकच कान म्हातारा?

पार्ले पूर्वेतले आमचे फॅमिली डॉक्टर सर्दी-खोकल्याचे डॉक्टर म्हणूनच ओळखले जायचे. माझ्या लेखी माझी आई त्यांनी वाचवली. ऑपरेशन केईएममध्ये झालं हे खरं, पण आईला तिथवर धाडलं त्यांनी.

त्यांच्या टेबलाशी पेशंटचं स्टूल असं होतं की बसलं की डॉक्टर डाव्या हाताला येत. आई दर वेळी ते ओढून पलीकडे नेई. एकदा त्यांनी विचारलंच, "काकू, डाव्या कानानं कमी ऐकू येतं का?"

"वय झालं आता."

"वय दोन्ही कानांचं सारखंच होतं ना? एकच कान कसा म्हातारा होईल?"

ड्रॉवरमधून ट्यूनिंग फोर्क काढून, तळव्यावर आपटून त्यांनी तो तिच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. आवाज उजवीकडे येतोय, आई म्हणाली. म्हणजे दोष कानाच्या नसेत असावा, असं त्यांना वाटलं. आधी ऐकण्याची तपासणी, मग एमआरआय. निदान झालं अकूस्टिक न्यूरोमा.

ही गाठ कॅन्सरची नव्हे. कवटीच्या तळाशी, कानाकडे जाणाऱ्या नसेवर ती अगदी सावकाश वाढते आणि म्हणूनच फसवते. जागा मात्र भलतीच अडचणीची. आत मेंदूचा देठ, आणि चेहरा हलवणारी नस गाठीवरच ताणून कागदासारखी चपटी झालेली. हार्वी कुशिंग यांनी 1917मध्ये या गाठींवर ग्रंथ लिहिला. ते गाठ आतून पोखरत आणि बाहेरची साल तशीच ठेवत, कारण साल ओढायला जावं तर माणूस दगावे. 1960नंतर सर्जनच्या हाती मायक्रोस्कोप आला, तेव्हा कुठे ती साल नसेपासून सोडवणं जमू लागलं.

परळच्या केईएमचा न्यूरोसर्जरी विभाग डॉ. होमी दस्तूर यांनी उभा केला. पुढे डॉ. सुनील पंड्या, डॉ. अतुल गोयल यांच्यासारख्यांनी तो नावारूपाला आणला. महापालिकेच्या रुग्णालयात, आमच्यासारख्यांना परवडेल अशा खर्चात, हे काम होत होतं. मुंबईकरांना याची पुरेशी जाण नाही, असं माझं मत आहे.

सकाळी आत नेलेल्या आईला बाहेर आणलं तेव्हा दिवे लागले होते. गाठ निघाली. डावा कान कायमचा गेला आणि चेहरा एका बाजूला ओघळला, डोळा मिटेना. वॉर्डातल्या सिस्टरनी मला मलम लावायला शिकवलं. "आधी बोटानं पापणी मिटवा, मगच पट्टी. उघड्या डोळ्यावर लावाल तर बुबुळ घासेल." माझा हात थरथरायचा, त्या तो धरून पुन्हा दाखवायच्या. पार्ल्याची पोरं रक्त द्यायला आली. शेजारच्या काकू स्लो लोकलनं एल्फिन्स्टन रोडला उतरून, पूल ओलांडून डबा आणायच्या. कुणाकुणाचं नाव घेऊ? काहींची तर मला ठाऊकच नाहीत.

महिने गेले, चेहरा बराचसा सुधारला. आई पेढे घेऊन दवाखान्यात गेली, तर डॉक्टर म्हणाले, "मी काय केलं? स्टूल बघितलं." फी त्यांनी घेतली नाहीच.

आता तो दवाखाना नाही, डॉक्टरही नाहीत. म्हणून त्यांचं सांगणं मी सांगतो. एकाच कानानं कमी ऐकू येत असेल किंवा एकाच कानात सतत गुणगुण होत असेल, तर वयावर ढकलू नका. कानाच्या डॉक्टरांकडे जा, ऐकण्याची तपासणी करून घ्या आणि एमआरआयची गरज आहे का, हे स्वतःहून विचारा.