मध्येच…

रात्री आठ वाजले की आमच्याकडे मालिका लागते. आजी खाटेवर, आई भाकऱ्या थापता थापता अर्धी दारात, आणि मी पुस्तक उघडं टाकून (अभ्यासाचं निमित्त!) कोपऱ्यात. परवा सून सासूला म्हणाली, "आई, मला तुम्हाला एक सांगायचंय…" आणि दारावरची बेल वाजली. आजी म्हणाली, "वाजली का? आता आठ दिवस काय सांगत न्हाई ती!"

आजी शाळेची पायरी चढलेली नाही, पण लेखकाचं गुपित तिला बरोबर ठाऊक. वाक्य पुरं झालं तर गोष्टच संपेल, म्हणून ते तोडायचं. तेही नेमक्या जागी, म्हणजे आपल्याला सगळं कळावं आणि सासूला काहीच कळू नये!

कागदावर तिथे नुसती टिंबं असतात. गेल्या स्नेहसंमेलनातल्या एकांकिकेत मला असंच एक वाक्य होतं, "पण बाबा, मी तर…" बाबा झालेला मुलगा त्याचं वाक्य विसरला आणि मी तोंड उघडं ठेवून उभी! प्रेक्षकांत हशा. सर नंतर म्हणाले, "टिंबांपुढचंही वाक्य पाठ पाहिजे. तो येईपर्यंत बोलत राहायचं."

तोडण्याचा दुसरा प्रकार मला 'रजनी'त दिसला. बासू चटर्जींची ही हिंदी मालिका १९८५ साली दूरदर्शनवर लागायची. मी ती आत्ता मोबाइलवर पाहिली. सबबी सांगणाऱ्या माणसाला रजनी मध्येच अडवते, आणि पाहणाऱ्याला बरं वाटतं. ती भूमिका प्रिया तेंडुलकरांची. त्यांचे वडील विजय तेंडुलकर. त्यांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) मधली बेणारे बोलू गेली की न्यायाधीश झालेले काशीकर शांततेचा हुकूम सोडतात. बापाच्या नाटकात बाईला बोलू देत नाहीत आणि लेक पडद्यावर सगळ्यांना गप्प करते, याची मला मोठी गंमत वाटली.

पण ते असो. आमच्या घराला बेल नाही, तरी आईचं वाक्य पुरं होत नाही. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणून अप्पा तोडतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले. हा लेख लिहायचा म्हणून एका संध्याकाळी मोजायला बसले. अप्पांनी चार वेळा तोडलं. मी सात वेळा.

सातवी वेळ अशी. आई म्हणाली, "तुझं परशेंटेज बघून मला…" मी म्हटलं, "परशेंटेज नाही गं, पर्सेंटेज!" ती गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "आई, काल काय म्हणत होतीस?"

"कवा? काय न्हाई. इसरले."

विसरली नव्हती. गेले चार दिवस मी मालिका सोडून चुलीपाशी बसते आहे. अजून तिनं सांगितलेलं नाही.