वाऱ्याची शाळा

पाचगणीच्या पठाराच्या कडेला उभे राहिले, की खाली कृष्णेचे खोरे पसरलेले दिसते. धोम धरणाचा निळा जलाशय, त्यापलीकडे कमळगडाचे उंच शिखर, आणि खालून वर चढणाऱ्या वाऱ्यावर पंख न हलविता तरंगणाऱ्या घारी! पावसाळा सरला, की या घारींच्या सोबतीला रंगीत कापडी पंख घेतलेली माणसेही आकाशात दिसू लागतात. या विद्येला पॅराग्लायडिंग म्हणतात. १९७८ साली फ्रान्समधील मियुसी या डोंगराळ गावी तीन छत्रीधारकांनी विमानातून उडी न घेता उतारावरून धावत जाऊन आकाशात झेप घेतली. तेव्हापासून या विद्येचा प्रसार होत गेला.

३५ वर्षे मी वर्गात फळ्यापुढे उभा राहिलो. निवृत्तीनंतर, वयाच्या ६४ व्या वर्षी, पुन्हा बाकावर बसण्याची इच्छा झाली. परंतु या शाळेला बाक नव्हते आणि भिंतीही नव्हत्या. जांभ्या खडकाचे मोकळे माळरान हाच वर्ग, आणि माझ्या निम्म्या वयाचा एक तरुण हे आमचे गुरुजी!

उडण्याच्या आशेने आलेल्या आम्हां विद्यार्थ्यांना पहिले तीन दिवस जमीन सोडावयाची नव्हती. पंख जमिनीवर अंथरावयाचा, त्याच्या बारीक दोऱ्या एकेक करून सोडवावयाच्या, आणि मग तो वाऱ्यावर उभा करावयाचा, एवढाच अभ्यास. या पंखात काठी नाही, की लोखंडाची कांब नाही. त्याच्या पुढल्या कडेला ओळीने खण उघडे असतात. त्यांतून वारा आत शिरला, की निपचित पडलेले कापड फुगते आणि त्याला आकार येतो. वारा हाच त्याचा सांगाडा!

पंख डोक्यावर येई. परंतु तेथे क्षणभरही ठरत नसे. कधी डावीकडे कले, कधी उजवीकडे. तो एका बाजूला कलू लागला, की दोऱ्या धरून त्याला दुसऱ्या बाजूला ओढावे, असे हातांना आपोआप वाटते. गुरुजी शांतपणे म्हणाले, "सर, त्याला ओढू नका. तो जिकडे कलतो, तिकडे तुम्हीच चार पावले जा. त्याच्या खाली जाऊन उभे राहा. मग तो सरळ होईल."

आणि खरोखरच तो सरळ झाला! त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे शाळेतील कितीतरी मुले उभी राहिली. तेथेही असे कलते पंख असतात. दूर उभे राहून ओढल्याने ते अधिकच कलतात. त्यांच्या बाजूला चार पावले जाणारे कोणी भेटले, तर सावरतात. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतून हे मी वाचले होते. पण माझ्या पायांना ते त्या माळावर समजले.

गुरुजींची आणखी एक रीत मला फार आवडली. पंख कोसळला, तरी "चुकले" हा शब्द त्यांच्या तोंडून येत नसे. ते एवढेच विचारीत, "वारा कोठून आला?" मग आम्ही गवताच्या पात्यांकडे आणि दूरच्या धुराकडे पाहू लागलो. उन्हाने डोंगराचे उतार तापतात, त्यांवरील हवा हलकी होऊन वर चढते, म्हणून भर दुपारी वारा उसळता व लहरी असतो. नवशिक्याने सकाळी वा सायंकाळी सराव करावा. डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला भोवरे उठतात, तेथे जाऊ नये. हे सारे आम्ही असे पाहून शिकलो.

चौथा दिवस उड्डाणाचा ठरला होता. पण सकाळपासूनच वारा जोराने वाहू लागला. सर्वांचे चेहरे उतरले. गुरुजींनी पंख आवरावयास सांगितले आणि म्हटले, "आज न उडणे हाच आजचा धडा." मला जर्मनीच्या ऑटो लिलिएंथालची आठवण झाली. १८९१ पासून पाच वर्षांत त्याने सुमारे दोन हजार वेळा टेकड्यांवरून पंखांनिशी झेप घेतली. तो विलक्षण अनुभवी होता. तरीही १८९६ साली वाऱ्याच्या एका झोताने त्याचा घात केला. वारा कोणाचा अनुभव विचारीत नाही.

सहाव्या दिवशी वारा सौम्य होता. एका बुटक्या टेकडीच्या उतारावरून मी धावलो. पंख डोक्यावर आला, ठरला. पाय धावतच होते. परंतु जमीन त्यांना लागत नव्हती! खाली गवत मागे सरकत होते आणि कानांत केवळ वारा होता. मग टाचा मातीला टेकल्या, आणि पंख मागे अलगद विसावला.

गुरुजी घड्याळ पाहून म्हणाले, "सर, अकरा सेकंद!"

पंखाची मोळी पाठीवर घेऊन मी पुन्हा टेकडी चढू लागलो. त्या चढणीला दहा मिनिटे लागत. अकरा सेकंदांसाठी दहा मिनिटे! हिशेब करणाऱ्याला हा व्यवहार तोट्याचा वाटेल. कोणत्याही विद्यार्थ्याला विचारा, तो तसे म्हणणार नाही.