माणूस ओवाळत्यात!

आधी मी हसलो, हे कबूल करून टाकतो. स्पेनमधल्या बुर्गोस प्रांतात कास्त्रियो दे मुर्सिया नावाचं एक खेडं आहे. कॉर्पस क्रिस्ती या सणानंतरच्या रविवारी तिथे भर रस्त्यात गाद्या घालतात, त्यांवर गेल्या वर्षभरात जन्मलेली बाळं ओळीनं निजवतात आणि लाल-पिवळ्या कपड्यांतला सैतान त्यांच्यावरून धडाधड उड्या मारत निघून जातो. या सैतानाला कोलाचो म्हणतात. सतराव्या शतकापासून हे चालू आहे. आमच्या पुण्याच्या कचेरीत काही महिन्यांसाठी आलेल्या बुर्गोसच्या एका बाईंनी दुपारच्या चहाला त्याचा व्हिडिओ दाखवला आणि चहा माझ्या नाकातून बाहेर यायचा तेवढा राहिला.

बाई रागावल्या नाहीत. तू सोलापूरचा ना, एवढंच विचारलं, फोनवर काहीतरी शोधलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. मुस्तीचा बाबा उमर दर्गा. वरून एक माणूस तान्हं मूल खाली सोडतोय आणि खाली चारी बाजूंनी चादर ताणून माणसं उभी आहेत. हे आम्ही घरच्या टीव्हीवर पाहिलं होतं, बाई म्हणाल्या. जेवताना.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याच्या जागी एक वकील येऊन उभा राहिला. नवस म्हणजे काय, मूल होत नसलेली जोडपी काय काय बोलतात, हिंदूही येतात आणि मुसलमानही येतात, चादर धरणारी माणसं कशी सराईत असतात... मी बोलत सुटलो. विशेष म्हणजे मुस्तीला मी आयुष्यात गेलेलो नाही. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण कधी पाय वळले नाहीत. तरी त्या पडद्यावरचं सगळं माझं होतं आणि त्याला हसायचा हक्क बाईंना नव्हता. दोन मिनिटांपूर्वी मला मात्र होता.

रात्री आजीला फोन केला. तिला कोलाचो सांगितला, मुद्दाम मिरची-मसाला लावून. वाटलं, ती तरी हसेल. तिनं विचारलं, “लेकरं केवढाली असत्यात?” वर्षाच्या आतली, मी म्हटलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, “मग बरोबर हाय की. लेकरावरनं कायतरी ओवाळून टाकायचंच. आपण मीठ-मोहऱ्या ओवाळतो, ते माणूस ओवाळत्यात.”

कोलाचोबद्दल नंतर मी बरंच वाचलं, पण आजीच्या या दोन वाक्यांपुढे काही गेलं नाही. सैतान जाताना बाळांची इडापिडा घेऊन जातो अशीच तिथली समजूत आहे. मागाहून बाळांवर गुलाबाच्या पाकळ्या टाकतात. स्पेन कुठं आहे हे आजीला ठाऊक नाही, आणि तिला त्याची गरजही पडली नाही.

तेव्हा, हसणं असभ्य का? माझं म्हणणं थोडं निराळं आहे. वाचताना कळलं की उड्या मारण्याआधी हाच कोलाचो हातात चाबूक घेऊन गावभर लोकांच्या मागे धावतो आणि लोक त्याला यथेच्छ शिव्या घालतात. म्हणजे आपला शिमगाच. आता कल्पना करा, एखादा परदेशी पाहुणा शिमग्याच्या बोंबा ऐकताना हात जोडून, डोळे मिटून उभा आहे. भक्तिभावानं! त्यानं आपला काय मान राखला? हसण्याच्या जागी न हसणाराही तितकाच परका आणि तितकाच उद्धट. तिथली माणसं स्वतः कुठे हसतात, एवढं बघावं आणि तिथे त्यांच्या बरोबरीनं खुशाल खदखदावं. मुस्तीच्या त्या चित्रात चादरीकडे बघणाऱ्या आईचा चेहरा दिसत नव्हता. पण ती हसत नसणार.

होरेस मायनर नावाच्या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं 1956 साली ‘नासिरेमा’ या विचित्र जमातीवर एक लेख लिहिला. घरोघरी देव्हारा, भिंतीतल्या पेटीत जादूची औषधं, आणि रोज तोंडात डुकराच्या केसांची जुडी घालून करायचा एक विधी. वाचणाऱ्याला त्या जमातीची कीव यावी. ‘अमेरिकन’ या शब्दाची इंग्रजी अक्षरं उलटी लावली की नासिरेमा होतं. विधी दात घासण्याचा होता.

मात्र एक गोष्ट यात मिसळू देऊ नये. मुस्तीची प्रथा मला पटत नाही. तान्ह्या जिवाला उंचावरून सोडणं थांबावं, असं मी त्या बाईंनाही सांगितलं आणि आजीलाही. ती म्हणाली, “आई कशी बघती गं बाई!” थांबवायला सांगायचं असेल तर त्या आईसमोर बसून सरळ बोलावं लागतं. जेवताना टीव्हीकडे बघून हसणं म्हणजे सुधारणा नव्हे, आणि चहा पिताना फोनकडे बघून हसणंही नव्हे.

बाई परत जायच्या आधी विचारत होत्या, तुमच्याकडे मोकळेपणी हसता येईल असं काही आहे का. मी बीड जिल्ह्यातलं, केज तालुक्यातलं विडा गाव सांगितलं. धुळवडीला तिथे गावच्या एका जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते, गळ्यात खेटरांची माळ. आधी काही दिवस जावई लपत फिरतात आणि गावकरी त्यांच्यावर पाळत ठेवतात. मिरवणूक संपली की त्याच जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी! गाढवावरचा सोडून सगळे हसतात. आहेर हातात पडला की तोही हसतो म्हणतात.

तुम्हीही जाऊन या. फक्त विड्याला सासुरवाड असेल, तर धुळवड सोडून जा.