शून्य शून्य एक

मराठीत फोन ‘करतात’ तसा ‘लावतात’ही, परदेशचा मात्र लावावाच लागे. १९९९ साली दादा अमेरिकेला गेला, तेव्हा हा विधी आम्ही शिकलो: आधी दोन शून्ये, मग देशाचा एक, मग तिथल्या गावाचा क्रमांक, शेवटी घराचा. तिकडून येताना एक्क्याण्णवनंतर आपल्या गावच्या क्रमांकाआधीचे शून्य गाळायचे. ते देशातल्या देशातच चालते, हे आईला कधी पटले नाही.

बूथवरच्या मीटरचे लाल आकडे पळत असत. आई मुद्दे कागदावर लिहून नेई आणि प्रत्यक्षात “जेवलास का?” एवढेच विचारी, तिथे तेव्हा सकाळ असे. आवाज उशिरा पोहोचे, दोघे एकदम बोलत, मग दोघेही थांबत. त्या थांबण्याचेही पैसे पडत.

२००२ मध्ये विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली, दर उतरत गेले. आज इंटरनेटवरून तासभर बोलता येते. दादा बोलतोही, बहुतेक हवामानावर. संवाद वाढला असे मला वाटत नाही. (मराठीच्या प्राध्यापिकेचा हा शब्दांविषयीचा कंजूषपणाही असेल.)

आई गेल्यावर तिच्या पोथीत तसा एक कागद सापडला. सात मुद्दे, सहांपुढे बरोबरच्या खुणा. सातवा: ‘परत कधी येणार, ते विचारायचे नाही.’