हाऊ घोडा कोना शे?

सोमवारी सकाळी ऑफिसात कुणी ‘वीकेंडला काय केलंस?’ असं विचारलं आणि मी ‘घोडे काढले’ असं सांगितलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर तीनपैकी एक भाव उमटतो. काहींना वाटतं मी रेसकोर्सवर पैसे लावतो. काहींना वाटतं ही नवीन कुठली तरी म्हण असावी. उरलेले मोबाइल पुढे करून म्हणतात, “अरे, एआयला सांग ना, दोन सेकंदांत काढून देईल.” हा लेख तिसऱ्या गटासाठी. बाकीच्या दोघांनी वाचला तरी हरकत नाही :-)

मी मूळचा जळगावचा, आजोळ धुळ्याचं. म्हणजे दोन्हीकडून अस्सल खानदेशी. इंजिनिअरिंग केलं, पुण्याला आलो, दिवसभर लोकांच्या चुका त्यांच्याच कोडमध्ये शोधून देतो. चित्रकलेचं रीतसर शिक्षण म्हणाल तर शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षा, बस्स. पण गेली पाच-सहा वर्षं शनिवार-रविवार मी प्राणी काढतोय. कुत्री, म्हशी, शेळ्या सगळं. त्यातही सगळ्यात जास्त घोडे.

घोडेच का? आमच्या घरात तर कधी घोडा नव्हता. आमच्याकडे कौतुक बैलांचं. पोळ्याला बैल रंगवायचे, घोडा फार तर लग्नात नवरदेवाखाली दिसायचा. पण नीट आठवलं तर मी पहिल्यांदा पाहिलेला घोडा रस्त्यावरचा नव्हताच. तो देवघरात होता. खंडोबाचा टाक. दोन बोटं रुंद चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला घोडा, घोड्यावर देव आणि म्हाळसा, खाली कुत्रा. वर्षानुवर्षांच्या चिंचेने आणि राखेने घासून देवाचं नाक पार गेलेलं, पण घोड्याचा मानेचा बाक मात्र शाबूत. लहानपणी आजी पूजा करायची तेव्हा मी त्या बाकावरून बोट फिरवायचो. आजही कोरा कागद घेतला की हात पहिल्यांदा तीच रेघ मारतो.

तर मुद्दा असा की, घोडा काढणं हा भयंकर अवघड प्रकार आहे. मान, आयाळ, शेपूट जमून जातं. पायांशी मात्र आपलं घोडं पेंड खातं. कारण आपण माणसाचे पाय डोक्यात ठेवून घोड्याकडे बघतो. घोड्याच्या पुढच्या पायाला आपण ज्याला गुडघा म्हणतो ते खरं तर त्याचं मनगट. मागच्या पायाला जो सांधा ‘उलटा’ वाकल्यासारखा दिसतो, ती त्याची टाच. आणि खूर म्हणजे एकाच बोटाचं, मधल्या बोटाचं, नख! थोडक्यात हा चार-साडेचारशे किलोचा प्राणी चार नखांवर उभा असतो. शिवाय त्याला आपल्यासारखं गळ्याजवळचं हंसळीचं हाड नाही. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत, स्नायूंच्या झोळीने छाती दोन पायांमध्ये टांगलेली आहे. हे समजलं त्या दिवशी मला एखादी जुनी, डॉक्युमेंटेशन नसलेली सिस्टिम आतून उघडून बघितल्यासारखं वाटलं.

हे डॉक्युमेंटेशन पहिल्यांदा नीट लिहिणाऱ्यांत एक होता जॉर्ज स्टब्स. लिव्हरपूलच्या चामडं कमावणाऱ्याचा पोरगा. १७५० च्या दशकात त्याने इंग्लंडमधल्या हॉर्कस्टो नावाच्या गावात एक शेतघर घेतलं आणि तिथे तो सुमारे अठरा महिने मेलेले घोडे कप्पीने टांगून, एकेक थर सोलत, मोजत, काढत बसला. वासाची कल्पनाच केलेली बरी! त्यातून १७६६ साली ‘घोड्याची शरीररचना’ या विषयावरचं त्याचं प्रसिद्ध पुस्तक निघालं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचा ‘व्हिसलजॅकेट’ आहे, जवळजवळ खऱ्या घोड्याएवढा. मागे झाड नाही, डोंगर नाही, स्वार नाही. नुसता घोडा. मी तो पडद्यावरच बघितलाय, पण त्याच्या डोळ्याकडे बघून आपणच दोन पावलं मागे सरकतो.

स्टब्सला एक गोष्ट मात्र दिसणं शक्यच नव्हतं. चौखूर धावताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी हवेत असतात का, आणि असले तर केव्हा? शेकडो वर्षं चित्रकार पुढचे पाय पुढे ताणलेले आणि मागचे मागे ताणलेले असा घोडा काढत आले. पॅरिसच्या लूव्रमध्ये जेरिकोचं १८२१ सालचं घोड्यांच्या शर्यतीचं चित्र आहे, त्यात सगळे घोडे असेच उडतायत. मग जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने धावपट्टीलगत बारा कॅमेरे ओळीने लावले, पट्टीवर आडवे दोरे बांधले आणि घोडी पळवली. दोरे तुटत गेले, फोटो निघत गेले. निष्पन्न काय, तर चारही पाय जमीन सोडतात हे खरं, पण ताणलेले असताना नाही. ते पोटाखाली गोळा झालेले असताना!

म्हणजे बगफिक्स झाला म्हणायचा. पण गंमत पुढे आहे. मायब्रिजच्या फोटोतला घोडा बघा, तो अडकल्यासारखा दिसतो. जेरिकोचा चुकीचा घोडा मात्र धावतो! पुढे शिल्पकार रोदँने साधारण असंच म्हटलं की कलावंत खरा आणि फोटो खोटा, कारण प्रत्यक्षात काळ थांबत नाही. माझ्यासारख्या ‘आउटपुट बरोबर आहे ना?’ एवढंच विचारणाऱ्या माणसाला हे पचायला वेळ लागला.

ते पचवायला मदत केली आपल्याच हुसेनसाहेबांनी. पंढरपूरचा जन्म, इंदूरला वाढलेले. (धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्याने सरळ वर गेलं की इंदूरच, त्यामुळे मला ते अर्धे आमच्याकडचेच वाटतात.) लहानपणी मोहरममध्ये पाहिलेला दुलदुल घोडा आणि १९५२ च्या चीन प्रवासात पाहिलेले शू बेईहोंगचे घोडे, दोन्ही त्यांच्या चित्रांत उतरले असं म्हणतात. २०११ मध्ये लंडनला ते गेले, तोवर घोडा म्हणजे हुसेन हे समीकरण झालं होतं. स्टब्सची फूटपट्टी घेऊन हुसेनच्या घोड्याचे पाय मोजायला गेलात तर एकही पास होणार नाही. पण त्या मानेच्या एका झटक्यात जो जोर आहे, तो मोजायला फूटपट्टी कुठून आणायची?

आणखी जवळचं उदाहरण द्यायचं तर आमच्या नंदुरबारच्या डोंगरांपलीकडे, गुजरातेत छोटा उदेपूरकडे, राठवा आदिवासी नवस फेडायला घराच्या भिंतीवर पिठोरा काढतात. भिंतभर घोडेच घोडे. सगळे बाजूने दिसणारे, सगळे डौलदार. ते जनावर म्हणून काढलेलेच नाहीत, ते देव आहेत किंवा देवांची वाहनं आहेत. आमच्या टाकावरचा घोडा त्यांचाच चुलतभाऊ. आणि अजिंठ्याचं काय सांगावं! जळगावच्या पोरांना ती लेणी म्हणजे साठेक किलोमीटरवरची शाळेची सहल. पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणं आणि त्यांच्यात मिळून एकच डोकं कोरलंय. कुठल्याही हरणाकडे बघा, डोकं त्याचंच वाटतं. शाळेत असताना आम्ही तिथे डबा कधी उघडायचा याची वाट बघत होतो. आता गेलो की त्या खांबापाशी अर्धा तास जातो. दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी चार हरणांत एक डोकं ‘रीयूज’ केलंय आणि कुठेही जोड दिसत नाही.

हे सगळं वाचून, बघून माझे घोडे बऱ्यापैकी सुधारले होते. मग एका डिसेंबरात ठरवलं की आता पडद्यावरचे घोडे बस झाले, सारंगखेड्याला जायचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सारंगखेडा हे तापीकाठचं गाव, शहादा तालुक्यात. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी ते धुळे जिल्ह्यातच होतं. तिथे एकमुखी दत्ताचं देऊळ आहे आणि दत्तजयंतीला मोठी यात्रा भरते. यात्रेतला घोडेबाजार देशभर प्रसिद्ध आहे. अलीकडे चेतक फेस्टिव्हल म्हणूनही त्याचा गाजावाजा होतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे, आपल्याकडचे, सगळ्या जातीचे घोडे ओळीने बांधलेले. टोकाला आत वळून एकमेकांना टेकणारे मारवाडी कान पहिल्यांदा समोरून बघितले तेव्हा वाटलं, कुणीतरी मुद्दाम कंस टाकलाय!

तिथली भाषाही शिकण्यासारखी. माझ्या वहीत ‘तपकिरी’ होता, तिथे तो कुमैत. पांढरा तो नुकरा, ठिपक्या-पट्ट्यांचा अबलख, चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी. अंगावरचा प्रत्येक भोवरा शुभ की अशुभ यावर तास-तास चर्चा, आणि त्यावर भाव वर-खाली. शकुन-अपशकुन बाजूला ठेवा, पण भोवरा कुठे आहे हे बघायला आधी घोड्याकडे नीट बघावं तर लागतं! तिथला निरक्षर व्यापारीसुद्धा माझ्यापेक्षा दहापट बारकाईने बघत होता.

मी एका राहुटीच्या सावलीत वही घेऊन बसलो. दुपारपर्यंत सात-आठ घोडे झाले. एक म्हातारबाबा बराच वेळ मागे उभे होते. टोपी, धोतर, हातात काठी. त्यांनी वही मागून घेतली, पानं उलटली आणि म्हणाले, “घोडा बराबर शे भो. पन हाऊ घोडा कोना शे?” म्हणजे, हा घोडा कुणाचा?

मी म्हटलं, “कुणाचा नाही बाबा. असाच.”

“आसा घोडा ऱ्हास का कोठे?” म्हणून ते हसले. असाच घोडा असतो का कुठे? मग म्हणाले, “मनी घोडी काढ बरं.”

घोडी कुमैत होती. मागचा डावा पाय पांढरा, कपाळावर चांद, तोही मधोमध नाही, जरा उजवीकडे कललेला. उजव्या कानाची कड फाटलेली. मागचा एक पाय सैल सोडून निवांत उभी होती. मी काढायला लागलो. बाबा माझ्या शेजारी उकिडवे बसून बघत होते. चांद मधे आला तेव्हा त्यांनी काठीने दाखवलं, इकडे घे. पोट जरा सुटलेलं दाखवलं, कारण तिला दोन शिंगरं झाली होती. मग म्हणाले, कान दोन्ही पुढे का? तिचा डावा कान बघ. मी बघितलं. उजवा कान बाजाराच्या गलक्याकडे होता, डावा मात्र मागे, आमच्याकडे वळलेला. घोड्याचे कान वेगवेगळे फिरतात आणि लक्ष जिकडे तिकडे कान, हे मी पुस्तकात वाचलं होतं. बाबा उठून दुसऱ्या बाजूला गेले. कान त्यांच्या मागे फिरला.

चाळीसेक मिनिटं लागली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. रुमालाखाली बोटं दाबून सौदा झाला, तिथे मला कळलं की ते घोडी विकायला आले होते. गुडघे गेले, आता सांभाळणं होत नाही, पोराला ट्रॅक्टर पुरे. पैसे मोजून झाल्यावर बाबा माझ्याकडे आले आणि कागद मागितला. मी वहीतून पान फाडून दिलं. त्यांच्या पोराच्या मोबाइलात घोडीचे ढीगभर फोटो होते, त्याने मला दाखवलेही होते. तसं मी म्हटलं, तर बाबा कागदाची सुरळी करत म्हणाले, “फोटो पोऱ्याजोडे शेतस. हाई मनाजोडे राही.” फोटो पोराजवळ आहेत. हे माझ्याजवळ राहील.

तर एआयवाल्या मित्रांनो, दोन सेकंदांत घोडा मिळतो हे मान्य. चांगलाच मिळतो, पायही बरोबर असतात. पण तो ‘असाच’ घोडा असतो. त्या घोडीचा डावा कान कुठे वळतो हे बघायला चाळीस मिनिटं तिथे बसावं लागलं, आणि बाबांना शेजारी कुणीतरी बसून बघणारं हवं होतं, असं मला आपलं वाटतं.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. आता प्रत्येक चित्राखाली मी जनावराचं नाव लिहितो, नाव नसेल तर कुणाचं ते लिहितो. सोसायटीतली कुत्री, आजोळच्या गल्लीतली म्हैस, पुण्यात वरातीला भाड्याने जाणारी पांढरी घोडी. एकाच घोडीची बावीस चित्रं झालीयत आणि तरी तिची मान अजून नीट सापडलेली नाही.

असो. ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पुण्यात असाल तर श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघा. सासवण्याच्या विनायक पांडुरंग करमरकरांनी केलेला, १९२८ सालचा. चारही बाजूंनी फिरून बघा, घोड्याचं वजन कुठल्या पायांवर आलंय ते शोधा. हा अभ्यास फुकट आहे आणि घोडा हलत नाही! मग हलणारा घोडा बघायचा असेल तर मार्गशीर्षात सुट्टी टाका. जळगावहून सुरतकडची गाडी पकडून दोंडाईचाला उतरायचं, तिथून पुढे सारंगखेड्याला गाड्या मिळतात. कागद जरा जाड घ्या आणि चार क्लिपा न्या, तापीकाठी वारं फार असतं.