पाण्याचा जमाखर्च

दगडाची ठेंच लागली म्हणजे दगड आहे हें कळतें. वाऱ्यानें छत्री उलटली म्हणजे वारा आहे हेंहि कळतें. परंतु पाणी, दूध, तेल, ताक, मध हे पदार्थ ज्या भांड्यांत ओतावे त्या भांड्याचा आकार निमूटपणें घेतात, म्हणून त्यांस स्वतःचा असा स्वभावच नाहीं असें आपण धरून चालतों. घरांत जें माणूस मुकाट्यानें सर्व सोसतें त्याजविषयीं आपला जो गैरसमज होतो, तसाच हा आहे. द्रवाला स्वभाव आहे, आणि आमच्या मतें त्या स्वभावांतील मुख्य गुण हिशेबाचा चोखपणा हा होय. त्यास उंची द्या, उष्णता द्या, साखर द्या, साबण द्या. जें जमा केलें असेल तें तो पैन् पै परत करतो. मात्र ही परतफेड तो कोठें आणि कोणाच्या दारीं करील, हें देणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं.

ज्यास हा हिशेब प्रत्यक्ष पाहावयाचा असेल त्यानें भर पावसाळ्यांत वलवणास जावें. पुण्याहून मुंबईच्या वाटेला लागलें म्हणजे लोणावळ्याच्या अगदीं तोंडाशीं हें गांव येतें. तेथील टाटांच्या धरणाकडे पाहत उभे राहणें हा आमचा फार वर्षांचा नाद आहे. चष्म्यावर पाणी येतें, बरोबरची मंडळी ‘आतां पुरे’ म्हणून खुणावूं लागतात, तरी पाय निघत नाहीं. या परिसरांत वर्षास सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस साठ-पासष्ट किलोमीटरांवर असलेल्या पुण्यास त्याचा पांचवा-सहावा हिस्साच मिळतो. सह्याद्रि समुद्राकडून आलेल्या हवेस वर चढावयास लावतो, चढलेली हवा निवते, आणि निवलेल्या हवेच्या पोटांत पहिली सारी वाफ मावत नाहीं, एवढेंच त्याचें कारण.

पावसाचा थेंब हजार-दीड हजार मीटर उंचीवरून येतो. मध्यें हवा नसती तर त्याच्यापुढें कोणाचें डोकें शाबूत राहिलें नसतें. परंतु हवेचा अटकाव वेगाबरोबर वाढत जातो, आणि मोठ्यांतला मोठा थेंबहि सेकंदास नऊ-दहा मीटरांपलीकडे वेग घेऊं शकत नाहीं. उंचीची सारी पुंजी तो वाटेंत हवेलाच वाटून टाकतो. आतां तेंच पाणी धरणांत अडवून, खंडाळ्याच्या बाजूस नेऊन, पोलादी नळांतून घाटाखालीं खोपोलीस सोडलें म्हणजे काय होतें पाहा. उतार सुमारें ५२५ मीटरांचा आहे. दर दहा मीटर खोलीमागें पाण्याचा दाब जवळजवळ एका वातावरणाइतका वाढतो. नळ जाड आहे कीं बारीक, सरळ आहे कीं तिरपा, यांशीं त्यास कर्तव्य नाहीं. म्हणजे तळाशीं बोटाच्या नखाएवढ्या एक चौरस सेंटिमीटर जागेवर पन्नास किलोच्या पोत्याहून अधिक ओझें झालें! त्या दाबानें नळाच्या तोंडांतून सुटणारी धार सेकंदास शंभर मीटरांच्या घरांत वेग घेते. वर छत्रीवर टपटपणारें पाणी तें हेंच, हें सांगूनहि खरें वाटत नाहीं.

ही धार ज्या चाकावर आदळते तें पेल्टन नांवाच्या अमेरिकन कारागिरानें कॅलिफोर्नियांतील सोन्याच्या खाणींत पाहिलेल्या पाणचक्क्यांवरून सिद्ध केलें आणि १८८० मध्यें त्याचा हक्क नोंदविला. चाकाच्या कडेला जोडद्रोणांसारख्या वाट्या असतात. धार वाटीच्या मधल्या कण्यावर दुभंगते, वाटींतून वळून उलट दिशेस निघते, आणि चाकाचा वेग धारेच्या निम्मा ठेवला असला म्हणजे आपली जवळजवळ सर्व गति वाटीस देऊन खालीं अगदीं मलूल होऊन पडते. शंभर मीटर वेगानें आलेल्या पाण्यानें असें गळून पडावें, हीच यंत्राची पावती.

एवढी धडाडी पाहिल्यावर हिशेबाचा आंकडा मात्र वाचकांस नवलाचा वाटेल. जूल हा बियर करणाऱ्या घराण्यांतला इंग्रज शास्त्रज्ञ. वजन खालीं सोडून पाण्यांत पातीं फिरविलीं म्हणजे पाणी किती तापतें, हें त्यानें १८४० नंतरच्या दशकांत मोठ्या चिकाटीनें मोजलें. त्याच्या मापानें पाहतां वलवणच्या पाण्यानें घाटाच्या उतारावर मिळविलेली सारी शक्ति त्याच पाण्यास तापविण्यांत खर्चिली, तर तें सव्वा अंशानेंच गरम होईल! उलट एक लिटर पाणी चहासाठीं उकळावयाचें, तर साठ लिटर पाण्यानें घाट उतरला पाहिजे. आणि यंत्रें व तारा यांतील गळती धरली तर त्याहूनहि अधिक. विजेच्या किटलीचें बटण आपण दाबतों, तेव्हां डोळ्यांआड चार-पांच घागरी डोंगरावरून ओतल्या जातात असें समजावें. सूर्याचा खर्च तर याहून अचाट आहे. एका लिटराची वाफ करण्यास त्यानें जेवढी उष्णता वेंचली तिच्या पावणेपांचशेंव्या हिश्शाइतकीच आपणांस खोपोलीस मिळते. बाकीची त्यानें बुडविली असें मात्र नव्हे. ती ढगांतच मोकळी होते आणि पुढच्या ढगांस वर चढविते.

वलवणच्या धरणाची पायाभरणी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे हस्तें १९११ मध्यें झाली आणि १९१५ मध्यें खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. ज्यांनीं ही कल्पना मनावर घेतली ते जमशेटजी टाटा तें पाहावयास नव्हते. ते १९०४ मध्येंच निवर्तले. मुंबईचें आकाश कोळशाच्या धुरांतून थोडें तरी सुटलें, हें या पाण्याचें मोठें पुण्य होय. परंतु जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूहि वाचावी लागते. हें पाणी इंद्रायणीच्या खोऱ्यांतलें. त्याची निसर्गसिद्ध वाट देहू-आळंदीवरून, भीमा-कृष्णेंतून पूर्वसमुद्राकडे. माणसानें त्यास पाठ फिरवावयास लावून पाताळगंगेंत उतरविलें आणि पश्चिमसमुद्रास मिळविलें. खालच्या कोंकणपट्टीचें त्यानें भलें झालें, पण तेंच पाणी दोन समुद्रांस मिळूं शकत नाहीं. पूर्वेकडील दुष्काळी मुलखांतून या पाण्याची मागणी वारंवार उठते, ती कांहीं निव्वळ हट्ट नव्हे. शेजारच्या मुळशीस तर १९२१ ते १९२४ या काळांत जमिनी बुडणाऱ्या मावळ्यांनीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह केला. त्यांचा खर्च कोणत्या चोपडींत मांडला गेला?

असो. लोणावळ्यास जाऊन चिक्की न आणणें हा आमच्या घरीं दखलपात्र गुन्हा आहे, तेव्हां तिच्याकडेहि वळलें पाहिजे. लोणावळ्याच्या उंचीवर हवेचा दाब थोडा कमी, म्हणून तेथें पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळतें. पण त्यांत साखर विरघळविली कीं उकळावयास अधिक ताप लागतो, आणि पाणी जसजसें उडून जाईल तसतसा तो ताप वाढत जातो. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही आपल्या स्वयंपाकघरांतील भाषा म्हणजे पाकांत पाणी किती उरलें हें सांगणारी मोजपट्टीच आहे. चिक्कीचा पाक दीडशें अंशांच्या आसपास जातो. त्याचा थेंब गार पाण्यांत टाकून तोडतांना टणक वाजला म्हणजे आमच्या घरांतील मंडळी कढई उतरवितात, आणि आमच्या तापमापकाहून त्यांचा कान अधिक विश्वासू आहे हें आम्ही बिनतक्रार मान्य करतों. या वेळीं पाकाची श्यानता, म्हणजे वाहण्यास होणारा आंतला विरोध, इतकी वाढलेली असते कीं, निवतांना साखरेच्या कणांस रांगेंत बसून खडे बनण्यास सवडच मिळत नाहीं. जेथें असतील तेथें ते थिजतात. म्हणून चिक्की ही खडीसाखरेची बहीण नसून खिडकीच्या कांचेची बहीण आहे. मात्र उडवून लावलेलें पाणी ती विसरत नाहीं. पावसाळ्यांत डबा उघडा राहिला तर हवेंतील वाफ ओढून घेऊन ती पुनः चिकट होते.

आतां शेवटची आणि कडू नोंद. गेल्या कांहीं वर्षांत आळंदीस इंद्रायणीच्या पात्रावर पांढऱ्या फेंसाचे थर वारंवार दिसतात. वारकऱ्यांस त्यांतच स्नान करावें लागतें. दुरून पाहणारास बर्फाचा भास व्हावा! निर्मळ पाण्याचा फेंस टिकत नाहीं. पाण्याच्या पृष्ठभागावरील कणांस आंतले कण सतत ओढून धरतात. या ओढीस पृष्ठताण म्हणतात. ती जबर असल्यामुळें बुडबुड्याचा पातळ पडदा उठतांच फाटतो. साबणाच्या कणाचें एक टोंक पाण्याचें सोयरें, दुसरें तेलाचें. असे कण पृष्ठभागावर दाटी करून ती ओढ निम्म्याहूनहि कमी करतात आणि पडद्यास सांवरून धरतात. एवढ्याचसाठीं साबण कपड्यांतील चिकटा सोडवितो, आणि एवढ्याचसाठीं नदीवर फेंस राहतो. हें शास्त्र प्रथम कसोशीनें मोजलें तें आग्नेस पोकेल्स या जर्मन बाईनें. विद्यापीठाचें दार तिला बंद होतें. घरांतील भांडीं घासतां घासतां पाण्यावर तेलाचा अंश पडला कीं काय होतें याकडे तिचें लक्ष गेलें, आणि पत्र्याच्या पन्हळींत तिनें त्याचीं मापें घेतलीं. लॉर्ड रॅले यांस लिहिलेलें तिचें पत्र १८९१ मध्यें ‘नेचर’ या पत्रांत प्रसिद्ध झालें.

मोरीपाशीं उभ्या असलेल्या त्या बाईस जें दिसलें, तें आपल्या मोऱ्यांपाशीं आपणांस दिसूं नये याचें आम्हांस वाईट वाटतें. फेंस हा नदीचा रोग नव्हे. कारखान्यांचें रासायनिक सांडपाणी आणि आम्हां शहरवासीयांचें मैलापाणी नीट शुद्ध न होतां तिच्यांत मिसळतें, त्याची ती उघडी वही आहे. वरच्या अंगास पाणी पश्चिमेकडे वळवून आपण तिची भरती कमी केली, खालच्या अंगास तिच्यांत भर घातली ती ही. आणि मग तिची घाण तीर्थाच्या महिम्यानें धुऊन निघेल अशी आशा धरून बसलों. मोठ्या शुद्धीकरणाचें काम सरकारनें आणि कारखानदारांनीं करावयाचें, यांत शंका नाहीं, आणि तें त्यांजकडून करून घेणें हें नागरिकांचें काम. पण बादलींत साबणाची भुकटी चमच्याऐवजीं मुठीनें टाकण्याची जी संवय घरोघर जडली आहे, ती मोडण्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाहीं. कपडे मुठीनें अधिक स्वच्छ होत नाहींत. अधिक होतो तो फेंस, आणि तो मोरीबाहेर गेला म्हणजे संपला असें समजणें हाच खरा अडाणीपणा होय.