‘ओके’ची अर्थलीला

इंग्रजींतील ‘ओके’ हा शब्द आतां आपल्या माजघरापर्यंत येऊन पोहोंचला आहे. त्याचें कुळ मात्र फारसें थोर नाहीं. ‘ऑल करेक्ट’ हे शब्द मुद्दाम अशुद्ध लिहून त्यांचीं आद्याक्षरें घ्यावयाचीं, ही थट्टा बोस्टन येथील एका वृत्तपत्रांत २३ मार्च १८३९ रोजीं छापली गेली. पुढें १८४० च्या अमेरिकन निवडणुकींत मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांच्या ‘ओल्ड किंडरहूक’ या टोपणनांवाशीं तींच अक्षरें जुळलीं आणि थट्टेस प्रतिष्ठा आली.

आज त्या शब्दांत होकार आहे, ख्यालीखुशाली आहे, नुसतें ‘ऐकलें’ आहे आणि ‘पुरे करा’ असा कंटाळाही आहे. आपलें ‘बरें’ तरी काय निराळें? ‘सैंधव आण’ म्हटल्यास जेवतांना मीठ आणावें, प्रवासास निघतांना घोडा, असा निर्णय शास्त्रकारांनीं प्रसंगावरून दिला. आवाजाच्या ढबीनें अर्थ पालटतो, तीस त्यांनीं ‘काकु’ म्हटलें.

परंतु लिहिलेल्या शब्दास ही काकु नसते. मागें आमच्या कुटुंबास चार दिवस ताप होता. परगांवच्या नातवास मोबाइलवर तसें लिहून कळविलें. उत्तर आलें, “ओके.” तिनें तीं दोन अक्षरें तीनदां वाचलीं आणि विचारलें, “म्हणजे येतो म्हणतो, कीं वाचलें म्हणतो?” तीस वर्षें वर्गांत शब्दार्थ सांगितलेल्या आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

तरुण वाचकांनीं हा शब्द खुशाल वापरावा. मात्र घरच्या दुखण्याखुपण्यास उत्तर देतांना त्यापुढें ‘आजी, आतां कसें वाटतें?’ एवढें अवश्य जोडावें.